एएलएम म्हणजे काय? गल्लीचा कचरा आणि झाडं सांभाळणाऱ्या मुंबईकरांच्या हातात नेमकं काय असतं?

मुंबईतल्या काही गल्ल्यांच्या तोंडाशी एक पाटी दिसते. रस्त्याचं नाव आणि पुढे ‘एएलएम’. घाईत वाचलं तर एटीएमची पाटी वाटते. पण हा असतो त्या गल्लीतल्या रहिवाशांचा गट. ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, पालिकेच्या मराठीत ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’. नाव भारदस्त आहे, काम मात्र साधं. आपल्या रस्त्यावरचा कचरा, झाडं, फुटपाथ आणि गटारं यांच्याकडे रहिवाशांनीच लक्ष ठेवायचं आणि पालिकेच्या मागे लागायचं.

याची सुरुवात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधून झाली, १९९६-९७च्या सुमारास. कचऱ्याला वैतागलेल्या तिथल्या रहिवाशांनी घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा करायला घेतला. ओल्याचं खत, सुका कचरा वेचकांकडे. रस्त्यावरची कुंडी भरून वाहण्याचा प्रश्नच त्यामुळे हलका झाला. पालिकेला ही कल्पना पटली आणि ती शहरभर नेण्यात आली. साधारण हजारेक लोकवस्तीची गल्ली किंवा काही इमारती मिळून एक एएलएम, अशी रचना ठरली. पुढे नोंदणीकृत गटांचा आकडा सातशेच्या आसपास गेला.

एका गल्लीने कचरा वेगळा केल्याने काय फरक पडतो, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. त्याचं उत्तर देवनारला सापडतं. हे डम्पिंग ग्राउंड १९२७पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वाटा ओल्या कचऱ्याचा. तो ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि हा वायू पेट घेतो. म्हणजे गल्लीतच खत झालेली भाजीची देठं देवनारच्या शेजारी राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांसाठीही महत्त्वाची असतात.

खत करणं तसं अवघड नाही. ओल्या कचऱ्यावर सुक्या पानांचा थर देत गेलं की वास येत नाही. रस्ता झाडून जमलेला पाचोळा जाळण्याऐवजी तिथेच कामी येतो आणि तयार खत फुटपाथवरच्या झाडांना जातं. कचरा आणि झाडं हे दोन्ही विषय एकाच गटाकडे असण्याचा खरा फायदा हा. घोडं अडतं ते दुसरीकडे. रहिवासी दोन डबे भरतात आणि गाडीत दोन्ही एकत्र टाकले जातात, ही तक्रार जुनी आहे. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कोण कशाला वेगळं करेल?

कारण एएलएमला कायदेशीर अधिकार नाहीत. वॉर्ड ऑफिसात नोंद होते, अधिकाऱ्यांसोबत बैठका होतात, तक्रारी मांडल्या जातात. पण दंड करणं किंवा कंत्राटदाराचं बिल रोखणं हे पालिकेच्याच हातात. झाडांचंही तसंच. ‘आमच्या दारातलं झाड’ म्हणून फांद्या छाटता येत नाहीत. महाराष्ट्रात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्यासाठी परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ मानलं जातं. गटाच्या हातात उरतं ते पाहणं, लिहून देणं आणि पाठपुरावा करणं. ऐकणारा अधिकारी असला तर गल्ली चकाचक, त्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यायची. अनेक एएलएम पुढे फक्त कागदावर उरले, ते उगाच नाही.

मैदानांच्या बाबतीत रहिवाशांना कधीकधी जास्त वाव मिळाला. दक्षिण मुंबईचं ओव्हल मैदान १९९०च्या दशकात वाईट अवस्थेत होतं. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि देखभाल त्यांच्या ट्रस्टकडे आली. मालकी मात्र सरकारचीच राहिली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पालिकेने दत्तक दिलेल्या काही मोकळ्या जागांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना फाटक बंद झालं. त्यामुळेच २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण आलं तेव्हा इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितले.

एएलएमवरही अशीच एक टीका होते, आणि ती रास्त आहे. हे गट बहुतेक इमारतींत राहणाऱ्यांचे. त्यांच्या यादीत कचऱ्यासोबत फेरीवालेही ‘समस्या’ म्हणून येतात. रोज ज्याच्याकडून भाजी घ्यायची, त्यालाच हटवा म्हणून अर्ज द्यायचा, असं चित्र दिसतं. झोपडपट्ट्यांसाठी पालिकेने २००१ मध्ये वेगळी ‘दत्तक वस्ती योजना’ आणली. २०१३ मध्ये तिचं नाव ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ झालं. एकाच शहराच्या सफाईला दोन दारं.

काहींनी थेट सत्तेत जाऊन पाहिलं. २००७च्या पालिका निवडणुकीत जुहूमधून ॲडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले, पक्षाच्या चिन्हाशिवाय. प्रयोग गाजला, पण शहरभर पसरला नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ पालिका प्रशासकाकडे राहिली. त्या काळात गटारापासून झाडापर्यंतच्या तक्रारी घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. ज्या गल्लीत एएलएम जिवंत होता, तिथे निदान वॉर्ड ऑफिसात जाणारं कुणीतरी होतं. बाकीच्यांसाठी होता पालिकेचा १९१६ हा हेल्पलाइन नंबर.