परमा, गरमी आणि सहसंसर्ग

‘मला मधुमेह आहे’ असं लग्नाच्या पंगतीत मोठ्याने सांगता येतं. जिलबी नाकारायला तेवढं पुरतं. ‘परमा’ मात्र कानाशी लागून सांगायचा. वास्तविक दोघे एकाच घरातले. ‘मिह्’ म्हणजे शिंपणे, लघवी करणे. त्यावरून मेह, प्रमेह, मधुमेह. निरुक्तकार यास्काने तर ‘मेघ’सुद्धा याच धातूवरून लावला. बोलीत प्रमेह झिजून ‘परमा’ झाला आणि गनोरियाला चिकटला. ग्रीक वैद्यांना त्यातला पू वीर्यच वाटला, म्हणून गनोरिया म्हणजे बीजाचं वाहणं. त्यामागचा जिवाणू १८७९ मध्ये नायसरने दाखवला, तोवर नाव पक्कं झालं होतं.

‘उपदंश’ तर मुळात खाण्यातला शब्द. जेवताना मधूनमधून चावायचं तोंडीलावणं, मद्याबरोबरचा चखणा, हा उपदंश. व्याकरणकारांच्या उदाहरणात तो चक्क मुळा आहे! सुश्रुताने मात्र दात-नखं लागून जननेंद्रियावर होणाऱ्या व्रणांसाठी हा शब्द वापरला आणि पुढे सिफिलिस आला तेव्हा तोही याच नावाखाली जाऊन बसला. लोकांनी त्याला ‘गरमी’ म्हटलं: अंगातली उष्णता फुटून बाहेर आली. या नावाने घोटाळा होतो, कारण सिफिलिसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, आग होत नाही. काही आठवड्यांत आपोआप भरूनही येतो आणि माणूस म्हणतो, गेली गरमी.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्र या वैद्याने या रोगाचं ‘फिरंग’ असं वेगळं नाव नोंदवलं: फिरंग देशात बोकाळलेला, फिरंग्यांच्या संगाने होणारा. फ्रँक लोकांवरून फारसीत फरंग, तिथून आपल्याकडे फिरंग. मराठ्यांच्या हाती युरोपी पात्याची जी तलवार आली तिचंही नाव फिरंग. तुर्की भाषेत सिफिलिसला आजही ‘फ्रेंगी’ म्हणतात. खुद्द युरोपात काय चाललं होतं? इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच नेपल्सचा, रशियन पोलंडचा. रोग कायम शेजारच्या गावाहून आलेला! ‘सिफिलिस’ या नावात देश नाही, ते इटालियन वैद्य-कवी फ्राकास्तोरोच्या १५३० मधल्या काव्यातल्या एका मेंढपाळाचं आहे. पण त्या काव्याच्या शीर्षकात पुन्हा ‘फ्रेंच रोग’ आहेच.

या नावांच्या रांगेत ‘सहसंसर्ग’ हा शब्द कोरडा, सरकारी वाटतो. त्याची फोड केली तर तो बरा निघतो. संसर्ग ‘सृज्’ धातूचा, म्हणजे सृष्टी, विसर्ग, विसर्जन यांचा सख्खा. सम् लागून अर्थ झाला एकत्र येणं, मिसळणं. यात दोष कुणाचा ते सांगितलेलं नाही. ‘सह’ने एवढंच कळतं, की एक संसर्ग असताना दुसराही आहे. नव्वदच्या दशकात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा जननेंद्रियावर व्रण असणाऱ्यांना एचआयव्हीची लागण अधिक होताना दिसली. व्रणाने त्वचेचा आडोसा तुटतो आणि एचआयव्ही ज्या पेशी गाठतो त्याच तिथे गोळा होतात. उलट बाजूने, एचआयव्ही असलेल्यांत सिफिलिस मेंदू-डोळ्यांपर्यंत लवकर पोचू शकतो.

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवरून गोळ्यांची बाटली घेऊन निघालेल्याला वाटतं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबला, आता काळजी नाही. एचआयव्हीपुरतं ते खरं आहे: लोड सातत्याने दबलेला असेल तर संबंधातून एचआयव्ही जोडीदाराकडे जात नाही. पण त्या गोळ्या परम्याला अडवत नाहीत, गरमीलाही नाही. म्हणून निरोध हवा आणि ठरावीक काळाने सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी हवी. या चार अक्षरांतल्या ‘व्ही’मध्ये प्रेमदेवता व्हीनस दडली आहे, आणि रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ उमटलं तर पुढची तपासणी करतात; सुरुवातीच्या टप्प्यातला सिफिलिस पेनिसिलिनच्या एका डोसने बरा होतो. जोडीदारावरही उपचार झाले नाहीत तर मात्र तो परत येतो.

या सगळ्यांना मिळून आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो. ‘गुप्’ म्हणजे राखणे. गुप्त म्हणजे आधी राखलेलं, मग लपवलेलं. एसटी स्टँडमागच्या भिंतींवर हा शब्द हातभर अक्षरांत रंगवलेला असतो आणि त्याच्या आधाराने अर्धवट उपचारांचा धंदा चालतो. याच धातूचा दुसरा शब्द २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या गाभ्याशी आहे: गोपनीयता. काही अपवाद सोडले तर कुणाच्या लेखी संमतीवाचून त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही. इथे राखायचं आहे ते माणसाचं नाव. रोगाचं नाव समुपदेशकासमोर स्वच्छ घ्यावं, ‘परमा’ म्हणून घेतलं तरी चालेल. तपासणी त्यावरूनही सुरू होते.