कांगारूची पिशवी आणि काचेची पेटी

'मायेची ऊब' हे शब्द आपण किती सहज वापरतो! ही ऊब खरोखरच एखाद्या जिवाला तारते, हे वैद्यकाला पुरते पटायला मात्र चाळीसहून अधिक वर्षे लागली. त्याचीच ही गोष्ट.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे ते लगेच गार पडते. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८०च्या सुमारास कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहून अशा बाळांसाठी पेटी करवून घेतली. तिने असंख्य बाळे वाचवली. पण पुढे संसर्गाच्या भीतीने आई त्या काचेच्या बाहेर राहिली. आपले मूल तिने लांबून पाहायचे, एवढेच.

कोलंबियातील बोगोटा शहराच्या माता-बाल रुग्णालयात १९७८ साली वेगळीच अडचण होती. पेट्या कमी, बाळे जास्त. एका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत, मग एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. दूर ठेवलेल्या बाळाची ओढ न लागल्याने काही माता त्याला तिथेच सोडून जात. डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी बाळ आईच्याच हवाली केले. पुढच्या वर्षी डॉ. एक्तोर मार्तीनेस त्यांना येऊन मिळाले.

पद्धत साधी. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी. आईच्या उघड्या छातीवर त्याला उभे धरून कापडाने बांधायचे, कांगारूच्या पिशवीत पिल्लू असते तसे. अंगाला अंग, आईचे दूध, लवकर घरी जाणे आणि नियमित तपासणी. आई दमली की बापाची छातीही चालते.

श्रीमंत देशांना वाटले, हा पेटी न परवडणाऱ्यांचा उपाय. सुरुवातीचे दावे पुराव्याविना होते, हेही खरे. मग बोगोटातच डॉ. नाताली शार्पाक यांनी १९९०च्या दशकात सातशेहून अधिक बाळांची रीतसर तुलना केली. वीस वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा शोधून काढले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आईच्या छातीवर वाढलेल्यांमध्ये शाळा बुडवणे आणि आक्रमकपणा कमी होता.

तरी एक शंका उरलीच. बाळाची प्रकृती स्थिरावण्याआधी त्याला आईकडे द्यावे का? भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत याची पाहणी झाली. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळे. निम्म्यांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर दिले, बाकीच्यांना स्थिरावल्यावर. त्यासाठी आईचा पलंगच अतिदक्षता विभागात आणला. २०२१ साली निकाल जाहीर झाला: पहिल्या २८ दिवसांत उशिरा दिलेल्यांपैकी शंभरी १५.७ बाळे दगावली, लगेच दिलेल्यांपैकी १२. फरक इतका स्पष्ट की पाहणी मुदतीआधीच थांबवली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाचे ८ ते २४ तास ही ऊब द्यावी, असे सांगितले.

यंत्रे टाकाऊ ठरली, असा याचा अर्थ नव्हे. श्वासाला आधार, सलाईन, देखरेख हे सारे लागतेच. प्रश्न एवढाच, की त्या यंत्रांशेजारी आईसाठी एक पलंग आहे का? आपल्या ओळखीत कुणाचे बाळ अशा विभागात असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.