अर्धशिशी आणि चीनहून आलेली सुई

आम्ही खांबच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत आमच्या एक वहिनी डोळ्यांवर पदर ओढून भिंतीला टेकून बसल्या होत्या. हायवेवर ट्रेलरचा हॉर्न वाजला की कपाळाला आठी पडायची. अर्धशिशी! महिन्यातून पाच-सहा दिवस उठते. घरचे म्हणतात, ऊन लागलं, झोप झाली नाही. सुंठेचा लेप झाला, दुकानातल्या गोळ्या झाल्या. तेवढ्यात एकीने सांगितलं, "पनवेलकडे सुया टोचतात, त्यानं डोकं थांबतं म्हणे." निम्म्या हसल्या, निम्म्या घाबरल्या. मग आम्ही ठरवलं, ही सुई आली कुठून ते आधी बघू.

सुई चीनची. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत तिची माहिती आहे. पण तिच्याच घरी तिला मान नेहमी मिळाला असं नाही. १८२२ मध्ये चीनच्या बादशहाने राजवैद्यकाच्या शाळेतून ती बंद केली. पुढे १९५० नंतर नव्या सरकारने तिला परत उचलून धरलं. खेडी अफाट, डॉक्टर थोडे आणि सुई स्वस्त. आपल्याला हे कारण समजवून सांगायला नको.

आपल्याकडे ती कशी आली, याची सुरुवात मुंबईच्या बंदरात होते. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला केला होता, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक मदतीला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीसांनी तिथेच लग्न केलं, त्यांना मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आपल्या आई-आजींना ठाऊक आहे. म्हणून पुष्कळ जण सांगतात की सुई कोटणीसांनी आणली. तसं नाही. ते शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते. सुई शिकले ते त्यांचे सोबती बसू. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परतून कोलकात्यात रुग्णांना सुया लावू लागले. मैत्री मात्र सोलापूरकराच्या वेळची, एवढा अभिमान आपण ठेवायला हरकत नाही.

बंगालने १९९६ मध्ये या उपचाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, त्यात उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही मान्यता दिली. म्हणजे आता "तुमची नोंदणी दाखवा" असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. आमच्यातल्या एकीला पूर्वी एका शिबिरात सुया टोचल्या होत्या. पाकीट समोर फोडलं होतं का, हे तिला आजही सांगता येत नाही. सुई केसासारखी बारीक असते, तिच्यात औषध नसतं, पण ती एकदाच वापरायची असते.

आणि गुण येतो का? २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या, जवळजवळ ५,००० रुग्णांच्या, एकत्र तपासल्या. ज्यांचं डोकं महिन्याला ६ दिवस दुखायचं, त्यांचं नेहमीच्या उपचारांवर ५ दिवस दुखलं. खऱ्या सुयांनी साडेतीन दिवस. आणि नुसत्या दिखाव्याच्या सुया लावल्या त्यांचं ४ दिवस! आम्हीही हसलो. खऱ्या-खोट्यात फरक अर्ध्या दिवसाचा. अर्धा तास शांत पडून राहायला मिळतं, कुणी आपुलकीने विचारतं, याचाही त्यात वाटा असेल असं आम्हाला वाटतं. घरात बाईला तेवढं कुठे मिळतं? पण अर्धशिशी थांबवायच्या रोजच्या गोळ्यांनीही ४ दिवसांवरच आणलं होतं, हेही लक्षात घ्या. सुई जोडीला चालते, डॉक्टरांच्या जागी नाही.

म्हणून वहिनींना आधी रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे कळलं, महिन्यात दहा-पंधरा दिवस दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं धरतं. वहिनींचं तेच चाललं होतं. डोकं एकदम फुटल्यासारखं दुखलं, तापात मान आखडली, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा गरोदरपणात डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सुईही नको, लेपही नको, थेट दवाखाना. गरोदर बाईने सुई लावणाऱ्याला दिवस आधी सांगावेत. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागी तेव्हा टोचत नाहीत.

आता अडलंय पैशावर. चाचण्यांत निदान सहा वेळा सुया लावल्या होत्या. म्हणजे सहा दिवसांची मजुरी बुडणार, शिवाय एसटीचं भाडं आणि फी वेगळी. गटातून आजारपणाचं कर्ज द्यावं का, यावर आमचं भांडण झालं. एक काकी म्हणाल्या, "डोकं दुखतं म्हणून कर्ज? उद्या सगळ्याच मागतील." दुसरी म्हणाली, "मग मागू देत." वहिनी आता दुखण्याच्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारतात, गोळी घेतली तर गोल काढतात. तीन महिन्यांची पानं घेऊन त्या बैठकीला येतील, तेव्हा मतदान घेऊ.