कुंभोजची लेक आणि बोर्डिंगाची चूल

करवीर संस्थानच्या शैक्षणिक इतिहासाचा विषय निघाला, की राजर्षी शाहू छत्रपतींनी स्थापन करविलेल्या बोर्डिंगांची नामावळी सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि ती नामावळी खरोखरच भूषणावह आहे: १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची सोय, १९०८ मध्ये अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाने हुजुरांच्या आश्रयाने उभारलेली आपापली वसतिगृहे. या संस्थांना जागा कोणी दिली, उत्पन्न कोणत्या गावचे लावून दिले, पायाभरणीला कोण सन्माननीय पाहुणे आले, हे सारे दप्तरात नीट नमूद आहे. तथापि वसतिगृह ही मूलतः जेवणाची सोय होय, ही साधी गोष्ट या तपशिलात हरवून जाते.

शेतकऱ्याचा पोरगा त्या काळी गावची मराठी शाळा कशीबशी संपवी आणि इंग्रजी शिकण्यासाठी कोल्हापूरची वाट धरी, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न फीचा नसे. भाकरी कोठे खायची आणि रात्री पाठ कोठे टेकायची, हा असे. ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी वार लावून जेवण्याची किंवा माधुकरीची जुनी वहिवाट होती, आणि ती कितीही मानहानीची असली तरी पिढ्यान् पिढ्यांची विद्या तिच्यावर पोसली गेली. परंतु मराठ्याच्या, जैनाच्या, लिंगायताच्या अथवा मुसलमानाच्या मुलाला कोणी वार देत नसे, खाणावळीचे पैसे बापाच्या ऐपतीबाहेरचे असत, आणि महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला तर पेठेत भाड्याने खोलीही मिळत नसे. महाराजांनी ही अडचण ओळखली, हे त्यांच्या द्रष्टेपणाचे गमक. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच्याही आधी सोळा वर्षे बोर्डिंगांचे कार्य सुरू झाले होते, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

मात्र ही बोर्डिंगे बहुशः जातवार होती. याबद्दल आज कोणी नाक मुरडील, तर त्याने त्या काळची पंगत डोळ्यांपुढे आणावी. शाळेत शेजारी बसणे समाजाने एक वेळ सहन केले असते. एका चुलीवरचे, एका हाताचे, एका ओळीत बसून जेवणे त्याला सहन होणारे नव्हते. दसरा चौकाच्या परिसरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी राहिली ती काही जागेच्या टंचाईमुळे नव्हे; प्रत्येकाचे स्वयंपाकघर स्वतंत्र राहील, या हमीवरच आईबापांनी मुले पाठविली. महाराजांनी दरवाजे उघडले, हे खरे. चुली मात्र निरनिराळ्याच राहिल्या.

या भिंतीला पहिला धक्का बसल्याची जी हकीकत सर्वतोमुखी आहे, ती जैन बोर्डिंगातली. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा दांडगट विद्यार्थी राजाराम हायस्कुलात शिकत असता मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला गेला, आणि परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात पाऊल टाकावे, हा अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांचा दंडक त्याने साफ धुडकावला. परिणामी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हेच भाऊराव पुढे पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात त्याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यास नकार देऊन कोठडीत राहिले. मानी माणसाचे भांडण तत्त्वाशी असते, व्यक्तीशी नसते, याचा इतका स्वच्छ दाखला कोल्हापूरच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण. परंतु आजचा आमचा विषय भाऊराव नव्हेत. त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई होत.

लक्ष्मीबाईंचे माहेरही कुंभोजचेच, आणि तेही पाटलाचे. बाहुबलीच्या डोंगराच्या सावलीतले हे गाव. तेथील दिगंबर जैन शेतकऱ्याच्या घरची रीत म्हणजे पाणी वस्त्रगाळ केल्यावाचून तोंडाला लावावयाचे नाही, दिवस मावळल्यावर अन्न घ्यावयाचे नाही, कंदमुळे वर्ज्य, आणि स्वयंपाकाचे सोवळे इतके कडक की घरच्या माणसानेही चुलीजवळ जाण्यापूर्वी विचार करावा. सुखवस्तू घरची ही लेक अंगभर सोने लेवून सासरी आली. अशा संस्कारांत वाढलेल्या स्त्रीला पतीने सर्व जातींची मुले घरी आणून त्यांचे जेवण रांधावयास सांगितले, तर तिच्या मनात काय खळबळ माजली असेल, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. भाऊरावांचे बंड विद्यार्थिदशेतच परिपक्व झाले होते. त्याला शाहू महाराजांचा सहवास आणि सत्यशोधक विचारांचे पाठबळ होते. लक्ष्मीबाईंपाशी ना शाळा, ना व्याख्याने, ना ग्रंथ. त्यांनी आपला जन्मजात आचार ओलांडला तो उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या भुकेल्या पोराकडे पाहून. आमच्या मते या ओलांडण्याचे मोल पतीच्या बंडापेक्षा तसूभरही उणे नाही.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृहाचा संसार सुरू झाला. भाऊराव गावोगाव भटकत. कोठे मूठ मूठ धान्य गोळा करण्याचा मुष्टिफंड, कोठे देणगी, कोठे हुशार पण निराधार पोर, जे मिळेल ते घेऊन परतत. धान्य कमी आणि पोरे अधिक, असाच बहुधा हिशेब असे. या हिशेबाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या पदरात पडे. समजा, चाळीस मुलांची पंगत आहे आणि प्रत्येकाला वेळेला तीन भाकऱ्या लागतात; म्हणजे दिवसाकाठी दोनशे चाळीस भाकऱ्या झाल्या. तेवढे जोंधळ्याचे पीठ जात्यावर निघायचे, काठवटीत मळायचे, थापायचे, धुरात डोळे चोळीत भाजायचे. शिवाय कोरड्यास, आजारी पोराची पेज, नव्या पोराच्या डोक्यातल्या उवा, रात्री घराच्या आठवणीने रडणाऱ्याची समजूत. मुले स्वतः कामाला जुंपलेली असत, कारण स्वावलंबन हे त्या संस्थेचे ब्रीदच होते. तरीही आईचे काम वाटून घेता येत नाही. त्यात स्वतःची लेकरे होतीच. त्यांना वेगळे ताट नाही आणि वेगळा घासही नाही, हा त्या घरचा शिरस्ता.

मंगळसूत्राची कथा पश्चिम महाराष्ट्रातील शाळांतून दरवर्षी सांगितली जाते. भाऊराव बाहेरगावी असता कोठीतले धान्य संपले, तोवर एकेक करून इतर दागिने गेलेच होते, आणि सौभाग्यचिन्ह मानलेला तो शेवटचा अलंकारही लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मोडला. कथा खरी आहे आणि ऐकताना कंठ दाटून येतो. तरी वक्ते तेथेच थांबतात, याची आम्हाला थोडी चीड येते. सोने एकदाच मोडले जाते. जाते रोज पहाटे ओढावे लागते. त्यागाचा एक क्षण व्यासपीठावर शोभून दिसतो, म्हणून त्यामागची कित्येक वर्षांची झीज झाकली जावी, हा न्याय नव्हे. शिवाय संस्थेच्या जमाखर्चात देणगीदाराची रक्कम नावानिशी जमा होते. बाईच्या अंगावरचे सोने कोणत्या सदरी धरावे, याचा दंडक कोणत्याच कारकुनाला ठाऊक नसतो.

याच कोल्हापुरात स्त्रीने केलेल्या शाळेच्या कामाला मान मिळत नसे, असेही नाही. मिस लिटल निवृत्त झाल्यावर शाहू महाराजांनी स्त्रीशिक्षणाच्या अधीक्षकपदी रखमाबाई केळवकर यांची नेमणूक केली; त्यांची कन्या कृष्णाबाई वैद्यक शिकून डॉक्टर झाली आणि दरबारच्या साहाय्याने विलायतेसही जाऊन आली. रखमाबाई याही आई आणि शाळेच्या सेविका. परंतु त्यांचे काम सनदी होते. हुद्दा, तनखा आणि अहवाल यांच्या आधारे इतिहासकाराला ते गवसते. लक्ष्मीबाईंच्या कामाला ना हुद्दा होता, ना तनखा. ते मुलांच्या पोटात गेले आणि त्यांच्या हाडामांसाचे झाले. म्हणूनच त्यांचे चरित्र लिहावयाचे तर साधने म्हणून जेवून गेलेल्यांच्या आठवणीच तेवढ्या हाती लागतात.

१९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. ब्राह्मणेतर, मुसलमान आणि अस्पृश्य मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून महात्माजींना समाधान वाटले. कोल्हापूरच्या राजाचे नाव साताऱ्याच्या वसतिगृहाला लागले, ते उचितच झाले. कोल्हापुरात ज्या चुली निरनिराळ्या पेटल्या होत्या, त्यांची येथे एक चूल झाली होती, आणि तिच्यापुढे कुंभोजची लेक बसलेली होती.

तीन वर्षांनी, १९३० साली, ऐन कर्तृत्वाच्या वयात लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. संस्थेचा खरा विस्तार तेव्हा व्हावयाचा होता. ट्रेनिंग कॉलेज, सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे शिवाजी कॉलेज, खेड्यापाड्यांतील शेकडो शाळा, यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. १९५९ मध्ये भाऊराव निवर्तले तेव्हा त्यांना कर्मवीर ही पदवी लोकांनी कधीच बहाल केली होती. लक्ष्मीबाईंना संस्थेतील मंडळी रयतमाऊली म्हणतात, आणि सोलापूरला रयत शिक्षण संस्थेचे महिला महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. शाळेत ज्यांना कधी पाठविले गेले नाही, त्यांच्या नावाच्या पाटीखालून मुली रोज वर्गात जातात.