मिलेचेंतो, पद्मिनी आणि डिकीवाली

पत्रिकेतलं नाव एक आणि हाकेचं दुसरं, ही आपल्याकडची जुनी रीत. मोटारींनाही ती लागू पडते आणि त्याचा उत्तम नमुना म्हणजे आपली फियाट. 'आपली' अशासाठी की ती बनवणाऱ्या कारखान्याचं मूळ सोलापुरापर्यंत पोचतं. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या. फियाटशी करार झाला तो 1951 मध्ये.

'फियाट' हा शब्द आद्याक्षरांचा. 'फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो', म्हणजे तोरिनो गावचा इटालियन मोटार कारखाना. लॅटिनमध्ये मात्र हाच शब्द स्वतंत्रपणे नांदतो आणि त्याचा अर्थ होतो 'होवो'. परमिटराजात पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडीच्या नावातच 'तथास्तु' मिळालेलं होतं. गाडी तेवढी मिळायची बाकी असे!

1954 मध्ये आली 'अकराशे'. इटालियन नाव 'मिलेचेंतो'. मिले म्हणजे हजार, चेंतो म्हणजे शंभर. इंजिन खरं तर 1,089 सीसीचं, पण हिशेब वरच्या शंभरात धरला. यातल्या 'चेंतो'चं मूळ लॅटिन 'केंतुम', आणि केंतुम व संस्कृत 'शत' ही एकाच आद्यभाषेची लेकरं. म्हणजे 'अकराशे'तला 'शे' आणि 'मिलेचेंतो'तला 'चेंतो' हे नात्यानं भाऊबंदच. हे मॉडेल पाहायला वालचंदशेठ नव्हते. त्यांचं निधन एप्रिल 1953 मध्ये झालं.

पुढच्या काही वर्षांत याच गाडीला एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं मिळत गेली. ही सगळी शोरूमची विशेषणं. ती माहितीपत्रकात राहिली. लोकांनी गाडीकडे पाहिलं, तर फुगीर अंग, उतरतं नाक, पुढे काढलेलं तोंड. पुढची दारं तर उलटी, बिजागरी मागच्या अंगाला. उतरणारा माणूस दाराच्या पुढे प्रकट व्हायचा. लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये सरळ रेघांची 'डिलाइट' आली, तिची दारं नीट उघडू लागली आणि जुनी-नवी ओळखायला 'डुक्कर' हाच शब्द कामी आला. यात कुचेष्टा कमी, लळा जास्त. मराठीची गंमत पाहा: डुक्कर नपुंसकलिंगी, पण 'डुक्कर फियाट आली' असंच आपण म्हणतो. गाडी स्त्रीलिंगी म्हणून फियाटही स्त्रीलिंगी. ट्रक मात्र 'तो'.

सत्तरच्या दशकात गाडीवरून फियाटचं नाव उतरलं. आधी ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि 1974 मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. 'प्रीमियर' म्हणजे पहिला. 'प्रथम'मधल्या 'प्र'शी त्याचं दूरचं नातं आहे. 'पद्मिनी' हे नाव ठेवलं चितोडच्या राणीवरून. 'पद्मिनी' म्हणजे मुळात कमळांची वेल किंवा कमळांनी भरलेलं तळं. पुढे कामशास्त्रकारांनी स्त्रियांचे पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी असे चार प्रकार केले, त्यात पद्मिनी सर्वश्रेष्ठ. डुकराच्या घरात पद्मिनी जन्मली म्हणायची! एवढं रूपवान नाव मिळूनही मुंबईच्या टॅक्सीस्टँडपासून सोलापूरच्या नवी पेठेपर्यंत लोक म्हणत राहिले फियाटच.

1985 मध्ये प्रीमियरने आणखी वरच्या दर्जाची गाडी काढली, '118 एनई'. सांगाडा फियाट 124 चा, इंजिन निस्सानचं 1,171 सीसीचं. 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. आकड्यापासून निघालेली नावांची वाट विशेषणं, पदं आणि राणी ओलांडून पुन्हा आकड्यावरच आली.

अशा गाडीला जाहिरातीत म्हणतात 'आलिशान सेडान'. 'आलिशान' अरबी, फारसीमार्फत आलेला: आली म्हणजे उच्च, शान म्हणजे दर्जा. पूर्वी तो माणसाच्या इभ्रतीचा शब्द. आता बंगल्याला आणि मोटारीला चिकटला. 'सेडान' इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे, पण तेव्हा ती दोन माणसांनी दांड्यांवर वाहून न्यायची बंदिस्त खुर्ची होती. कोशकार तिचा संबंध बहुधा लॅटिन 'सेडेरे', म्हणजे बसणे, याच्याशी लावतात. तसं असेल तर आपलं 'सदन' आणि 'संसद' तिच्या गोतावळ्यातले. आपल्याकडे तिचा जोडीदार म्हणजे मेणा. तो फारसी 'मियाना'तून आला, अर्थ मधला, मध्यम आकाराचा.

पण मेणा आता कोण म्हणणार? आणि शोरूमबाहेर 'सेडान' तरी कोण म्हणतं? मागे सामानाला वेगळी जागा असलेल्या गाडीला मराठी माणूस म्हणतो 'डिकीवाली'. इंग्रजी 'डिकी' म्हणजे मुळात घोडागाडीवरची गाडीवानाची किंवा नोकराची बैठक. पुढे ती मोटारीच्या पाठीमागची जादा बैठक झाली आणि मग सामानाचा कप्पा. खुद्द इंग्लंडात त्याला आता 'बूट' म्हणतात. आपण मात्र डिकी सोडली नाही. चार बॅगा आणि सोलापुरी चादरींचं गाठोडं घेऊन लग्नाला निघालेलं घर गाडीवाल्याला फोन करतं तेव्हा त्याला कंपनी, मॉडेल, पिढी यांच्याशी देणंघेणं नसतं. ते एवढंच सांगतं, "डिकीवाली पाठवा."