वंशावळीचे कागद : नागपूर प्रांतातील पूर्वजशोधाचा इतिहास

नागपूर, भंडारा, वर्धा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत आज ज्याला वंशावळ म्हणतात, तो कागद बहुतेक वेळा जातपडताळणी समितीपुढे सादर करावयाच्या शपथपत्राचा भाग असतो. अर्जदार, त्याचा बाप, आजा, पणजा आणि त्यांचे भाऊ अशी नावांची उतरंड त्यात मांडलेली असते आणि प्रत्येक नावाच्या पुष्ट्यर्थ एखादी सरकारी नोंद जोडावी लागते. ही रीत फार जुनी नाही. कुळाची आठवण ठेवण्याचे काम पूर्वी माणसांकडे होते. ते गेल्या दीडशे वर्षांत कागदाकडे गेले, आणि ज्या कागदाकडे ते गेले तो पूर्वजांची आठवण राखण्यासाठी तयार झालेलाच नव्हता. सारा वसूल करणे, साथीच्या रोगांचा माग ठेवणे, शाळेत किती मुले येतात ते मोजणे, असे त्या कागदांचे हेतू होते. म्हणून ‘कुठेच सापडत नाही’ असे ज्या पूर्वजाबद्दल म्हटले जाते, तो पुष्कळदा चुकीच्या दप्तरात शोधला गेलेला असतो.

कागदाच्या आधीची व्यवस्था समाजागणिक वेगळी होती. गोंडांची वंशपरंपरा सांगण्याचे काम परधानांचे असे. बाणा नावाच्या तंतुवाद्याच्या साथीने ते यजमान कुळांची देवके, पूर्वज आणि पराक्रम गाऊन सांगत आणि त्याबद्दल धान्य, जनावरे, वस्त्रे घेत. राजपूत आणि तत्सम कुळांचे भाट पोथ्या बाळगीत, तर दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन पिढ्यांची नावे वाचून दाखवीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत येणारा यजमान आपले नाव, गाव आणि सोबतच्या नातलगांची नावे लिहून ठेवी. पुढच्या पिढीतील माणूस श्राद्धासाठी गेला की गावाच्या नावावरून ती वही उघडली जाई. या सर्व व्यवस्थांना एक मर्यादा होती. ज्याला यजमानपण परवडत असे त्याचीच स्मृती राखली जाई. शिवाय परधानाच्या गाण्याला किंवा तीर्थोपाध्यायाच्या वहीला आजच्या पडताळणीत महसुली कागदाइतके वजन मिळत नाही, त्यामुळे ही जुनी स्मृती अभ्यासकांच्या कामाची उरली आणि अर्जदारांच्या फारशी कामाची राहिली नाही.

शोध करणाऱ्याने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट म्हणजे राज्यकर्त्यांचा क्रम, कारण राज्य बदलले की दप्तर बदलते. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेले नागपूर अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारल्यावर पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, आणि 1861 मध्ये मध्यप्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. वऱ्हाड मात्र 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते आणि तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याशी सरकारचा थेट संबंध ठेवणारी पद्धत लागू झाली. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले तरी दोन्हीकडचे महसुली कायदे वेगळेच राहिले. अमरावतीचे कुटुंब आणि नागपूरचे कुटुंब यांच्यात सोयरीक असली तरी त्यांच्या आजोबांचे कागद एका नमुन्याचे नसतात, याचे कारण हे आहे. 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा जुन्या मध्यप्रांताच्या दप्तराचीही वाटणी झाली. एखादा प्रांतिक स्तरावरचा कागद नागपूरच्या अभिलेखागारात न मिळता भोपाळला निघतो तो त्यामुळे.

नागपूर प्रांतात 1860 च्या दशकात पहिला नियमित बंदोबस्त झाला. बंदोबस्त म्हणजे गावाची मोजणी करून ठराविक वर्षांसाठी सारा ठरवणे; प्रत्येक गावाची त्या वेळची बांधीव कागदपत्रे मिसल म्हणून ओळखली जातात. भोसल्यांच्या काळात जे पाटील वा इजारदार गावाचा सारा भरत होते, त्यांना या बंदोबस्तात मालगुजार म्हणून गावाची मालकी देण्यात आली. या निर्णयाचे परिणाम वंशावळीच्या शोधावरही झाले. पंजाबात गावकी सामाईक मालकीची असल्यामुळे प्रत्येक बंदोबस्तात जमीनधारकांची ‘शजरा नसब’, म्हणजे पिढ्यांची आकृतीच काढली जाई आणि पुढच्या बंदोबस्तात ती सुधारली जाई. नागपूरकडे सरकारचा व्यवहार मालगुजाराशी असल्याने सामान्य कुळाच्या चार पिढ्या मांडण्याचे कारण सरकारला नव्हते. मौरुसी कूळ, म्हणजे वहिवाटीचा वंशपरंपरागत हक्क असलेला शेतकरी, मात्र खसऱ्यात, म्हणजे शेतवार नोंदवहीत, आणि जमाबंदीत नावानिशी येतो. वारसाने खाते बदलले की बापाच्या जागी मुलाचे नाव चढते आणि दोन पिढ्या जोडता येतात. जो मालगुजाराच्या शेतात सालगडी होता, त्याचे नाव या कागदांत शोधणे व्यर्थ आहे.

मध्यप्रदेशाच्या, म्हणजे पूर्वीच्या मध्यप्रांताच्या, 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि त्यानंतर 1954-55 चा अधिकार अभिलेख तयार झाला. विदर्भातील अर्जदाराच्या पिशवीत हा उतारा बहुधा असतोच, कारण त्यात पूर्वी कूळ असलेला माणूस भूमिधारक म्हणून प्रथमच मालकाच्या जागी आला. जुन्या महसुली नोंदींची भाषा मराठी असली तरी तिचा सांगाडा फारसी आहे : ‘वल्द’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमुकची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार. स्त्रीचे नाव या दप्तरात बहुधा ती बेवा झाल्यावरच येते, कारण नवरा जिवंत असेपर्यंत जमीन तिच्या नावे असण्याचा प्रसंग क्वचित येई. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांची सांधेजोड कागदावर होतच नाही. पडताळणीला बापाकडचीच रक्ताची नाती लागत असल्याने आईकडच्या पिढ्या शोधण्याची सक्तीही कोणावर होत नाही, आणि त्या पिढ्या शोधल्याविनाच राहतात.

भूमिहीनांचा पूर्वज ज्या एका कागदात हमखास भेटतो, तो म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल हा पहारा, निरोप आणि सरकारी हरकामाचा माणूस, अनेक गावांत महार समाजातील, गावाकडून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. गावात कोणी जन्मले वा मेले की त्याने ते वहीत लिहवून घ्यावे आणि ठरलेल्या दिवशी वही ठाण्यावर दाखवावी, अशी रीत होती. स्वतःला लिहिता येत नसेल तर पटवारी, शाळामास्तर किंवा हाताशी असेल तो लिहून देई. आज या वह्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहेत. त्यांतील नोंद अगदी तुटपुंजी असते : तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. अपत्याचे नाव बहुधा नसते, कारण बारशाच्या आधीच नोंद होऊन जाई. आडनावही बहुधा नसते. म्हणजे ‘सोमा वल्द गणू, कुणबी, मुलगा एक’ अशा धाटणीच्या ओळीवरून तो मुलगा म्हणजे आपलाच आजा, हे दुसऱ्या कागदाने सिद्ध करावे लागते.

यात दोन चालींची भर पडते. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने सोमाचा गणू, गणूचा सोमा अशी नावे आलटूनपालटून येतात, आणि तारीख नीट पाहिली नाही तर एक पिढी सहज गळते किंवा दुप्पट होते. दुसरी चाल अशी की, आधीची मुले दगावली असतील तर नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, फकिरा, उकंडा अशी टाकाऊ नावे ठेवीत. तेच मूल पुढे शाळेत गेले की मास्तर दुसरे नाव घालीत. घरातील म्हाताऱ्या माणसांना हे दुहेरी नाव ठाऊक असते, कागदाला नसते.

मृत्यूच्या रकान्यात कारणही लिहिलेले असते आणि ते अभ्यासकाने जपून वाचावे. पटकी आणि देवी हे रोग लक्षणांवरून ओळखू येत, म्हणून त्यांच्या नोंदी बऱ्यापैकी विश्वसनीय आहेत. बाकीचे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका शब्दात कोंबलेले असतात. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांतात हिंदुस्थानातील सर्वांत भीषण म्हणाव्या अशा प्रमाणात माणसे मारली. त्या वर्षाच्या शरद ऋतूत एखाद्या कुटुंबाची वंशरेषा अचानक तुटलेली दिसली, तर स्थलांतराचा तर्क करण्याआधी कोतवाल बुकातली ‘तापा’ची पाने पाहणे शहाणपणाचे असते.

शहराचे कागद निराळे. नागपुरात 1864 मध्ये नगरपालिका आली, घरजागेसाठी नझूलची, म्हणजे सरकारी मालकीच्या शहरी जमिनीची दप्तरे तयार झाली आणि पुढे आखीव पत्रिका आली. तिच्यात जागेचा धारक आणि त्याचे वारस क्रमाने येतात. 1877 पासून एम्प्रेस मिलने आणि त्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वेने खेड्यांतून माणसे ओढून घेतली, पण चाळीत भाड्याने राहणाऱ्याचे नाव आखीव पत्रिकेत येत नाही, त्याचा मागोवा पुन्हा मूळ गावच्या वहीतच घ्यावा लागतो. कामठीची गंमत याहून वेगळी आहे. 1821 मध्ये वसलेल्या त्या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत, म्हणून तेथील युरोपियन आणि युरेशियन कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने मद्रास इलाख्याच्या धार्मिक नोंदींत जमा होऊन लंडनला गेली. कामठीत पुरलेल्या पणजोबाला मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या नोंदींत शोधणारे परदेशी वंशज रिकाम्या हाताने परततात, ते यामुळे.

जनगणनेचा मात्र या कामी उपयोग नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या शिरगणतीचे घरवार तक्ते हा वंशशोधाचा मुख्य आधार असतो. हिंदुस्थानात आकडे काढून झाल्यावर व्यक्तिगत तक्ते राखले गेले नाहीत, आणि 1948 च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीयही ठरवली. 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही हा त्याला अपवाद. ती जेथे टिकली आहे तेथे घरातील माणसांची एकत्र नावे मिळतात.

या साऱ्या कागदांना जिवंत महत्त्व आले ते आरक्षणाच्या कायद्यांमुळे. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 हे मानीव दिनांक ठरले. त्या दिवशी कुटुंब कोठे राहत होते आणि कोणत्या जातीचे होते, हे दाखवावे लागते. घटनेपूर्वीच्या कागदाला न्यायालये अधिक पुरावामूल्य देतात, म्हणून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील आजोबांचे एक नाव कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते. नागपूरच्या विणकर वस्त्यांना याचा अनुभव सर्वांत तीव्र आला. जुन्या नोंदींत कोठे हलबा, कोठे कोष्टी असे लिहिले गेलेल्या कुटुंबांचा अनुसूचित जमातीचा दावा अनेक दशके चालला, आणि 28 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘हलबा’ या नोंदीत ‘हलबा-कोष्टी’ येत नाही असा निर्णय दिला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांच्या कागदात उलट प्रकारची फट दिसते : बापाच्या दाखल्यावर बौद्ध, आजोबांच्या नोंदीत महार, आणि अनेकदा आडनावही बदललेले. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची जी शोधाशोध झाली, तिने हा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आणला. विदर्भातील कुणब्यांना तिरोळे, झाडे, बावणे, खैरे, धनोजे अशा पोटभेदांसह तशा नोंदी आधीपासून सापडत आल्या आहेत.

महाराष्ट्राच्या 2000 च्या जातप्रमाणपत्र व पडताळणी अधिनियमाच्या कलम 8 नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. ज्या वहीने ती सिद्ध व्हायची ती मात्र अर्जदाराच्या ताब्यात कधीच नव्हती. ती कोतवालाच्या कनवटीला, ठाण्याच्या फडताळात आणि शेवटी तहसिलीच्या रुमालात राहिली, आणि वाळवीने खाल्ली किंवा हात लागताच तुकडे पडू लागले की ‘अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही’ असा शेरा नागरिकाच्या हाती येतो. कागद सांभाळण्याची जबाबदारी सरकारची असेल तर कागद नष्ट झाल्याचा तोटाही सरकारनेच सोसला पाहिजे, आणि अशा शेऱ्याचा अर्थ अर्जदाराच्या विरुद्ध लावणे समित्यांनी थांबवले पाहिजे.