जकात, टोल आणि गर्दीचे मोल

संगमनेरहून पुण्याकडे जाताना हिवरगाव पावसा येथे टोलनाका लागतो. याच रस्त्याने नारायणगाव गाठून जुन्नरवरून नाणेघाटात गेलो, की माथ्यावर दगडी रांजण दिसतो. सातवाहनकाळी घाट चढून येणाऱ्या मालाची जकात त्यात पडे, असे परंपरा सांगते.

'जकात' हा मूळ अरबी शब्द धर्मविहित दानाचा. मराठीत तो मालावरील कराचा झाला. ही जकात नगरपालिकांतून १९९९मध्ये आणि मुंबईतून २०१७मध्ये गेली. 'नाका' मात्र भाषेत उरला आणि टोलला जोडला गेला.

जकात मालावर, तर टोल रस्त्याच्या खर्चापोटी. लंडनने फेब्रुवारी २००३मध्ये तिसराच कर आणला: ठरावीक वेळांत शहराच्या मध्यभागी मोटार आणल्याबद्दलचा. तेथे नाका नाही. कॅमेरेच वाहनांचे क्रमांक टिपतात. उलट मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. रस्त्याचा खर्च फिटतो, गर्दी फिटत नाही. आपण इतरांची जी वाट अडवतो, तिच्या मोलासाठी आपल्या भाषेत अद्याप शब्द रुळलेला नाही. शब्दच नसेल, तर त्या कराच्या न्याय्यतेचा वाद आपण कोणत्या भाषेत घालणार?